वाऱ्याच्या हंगामात साक्री-नंदुरबार

श्रावणात खान्देशात कशाला, असं नाशकात मला ज्याने त्याने विचारलं. भरताची वांगी हिवाळ्यात, मिरच्यांच्या लाल पथाऱ्या दिवाळीनंतर, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला. सगळं खरं. पण वारा बघायचा असेल तर तो आषाढ-श्रावणातच. मे ते सप्टेंबर हा पवनचक्क्यांचा सुगीचा काळ. वर्षभराच्या विजेतला निम्म्याहून मोठा वाटा याच महिन्यांत पदरात पडतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अलीकडे अपारंपरिक ऊर्जेचा धडा निघाला की मुलं हायड्रोजनवर येतात. गाडी पाण्यावर चालणार का, पेट्रोलपंप बंद होणार का, पवनचक्की बरी की हायड्रोजन बरा? फळ्यावर आकडे मांडून झाले, तरी जिथे हा वारा प्रत्यक्ष वाहतो तिथे जाऊन बघावं असं मनात होतंच. त्यात निजामपूरच्या मावशीचा कानबाईच्या सणाला ये म्हणून फोन आला. धाकट्या भावाने गाडी काढली आणि बारावीतला भाचाही बरोबर निघाला.

शुक्रवार : नाशिक, पिंपळनेर, निजामपूर

सटाण्यापर्यंत पाऊस असा नव्हताच. ताहाराबाद सोडलं आणि डोंगर ढगांत गेले. पिंपळनेरला चहा आणि गरम मिरचीभजी. पांझरा गढूळ, भरून वाहत होती. साक्रीहून नंदुरबारच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात क्षितिजावर पहिली चक्की दिसते, मग तीन, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. दोन्ही बाजूंना बाजरी, कपाशी, मका, आणि मागच्या उघड्या टेकड्यांवर पांढऱ्या पात्यांची रांग.

मावशी ओट्यावरच उभी होती. "उनी का वं माय! कितला दिनमा उनी!" म्हणत तिने आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग भाच्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. रात्री कळण्याची भाकरी, घोटलेली मिरचीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या त्या पिठाला जो खमंगपणा असतो, तो शहरातल्या कुठल्याही 'खान्देशी थाळी'त मला अजून मिळालेला नाही.

जेवण उरकत होतं आणि लाईट गेली. खिडकीतून लांबवर चक्क्यांवरचे लाल दिवे मात्र दिसत होते. मावसभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) मेणबत्ती लावत म्हणाला, "पंखा आठे फिरस, लाईट मुंबईले जास."

ही तक्रार या पट्ट्यात प्रत्येक ओट्यावर ऐकू येते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. चक्कीच्या जनित्रातून वीज ६९० व्होल्टला निघते. बुडाशी असलेला ट्रान्सफॉर्मर ती ३३ हजार व्होल्टला चढवतो, तिथून ती उपकेंद्रात आणि पुढे उच्चदाबाच्या वाहिनीवर जाते. गावाची ११ हजार व्होल्टची लाईन, म्हणजे गावचा फीडर, वेगळीच असते. तिच्यावर फांदी पडली की गाव अंधारात, मग शेजारी शंभर चक्क्या फिरोत. शिवाय जुन्या धाटणीच्या चक्क्यांना स्वतः चालण्यासाठीसुद्धा ग्रिडचा आधार लागतो, त्यांची वाहिनी मेली तर त्याही थांबतात. दादाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोष वाऱ्याचा नाही, तारेचा. मग तार कोण दुरुस्त करणार?" याला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. ज्या गावच्या माळावर वीज तयार होते त्या गावचा फीडर सगळ्यात आधी धड असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

*जाणार असाल तर :* मुक्कामाला साक्री किंवा नंदुरबार बरं, लहान गावांत लॉज मिळेलच असं नाही. पावसाळ्यात टेकड्यांवरच्या मुरमाच्या रस्त्यांवर लहान गाडी नेऊ नका. वरच्या माळावर छत्री उलटी होते, रेनकोटच हवा.

शनिवार : भामेरचा किल्ला आणि वरचं पठार

भामेर गावात शिरतानाच कोरीव दगडी प्रवेशद्वार लागतं. गावातल्या जुन्या घरांच्या भिंतींत नक्षीचे दगड बसवलेले आहेत, एका ओट्याला तर देवळाच्या खांबाचा तुकडा पायरी म्हणून लावलेला. सुरत-बऱ्हाणपूरच्या जुन्या व्यापारी वाटेवरचं हे नांदतं ठाणं. वर डोंगराच्या पोटात कोरलेल्या लेण्या आणि पाण्याची टाकी. कातळ शेवाळलेला होता, सांभाळून चढलो. माथ्यावर पोचलो आणि वाऱ्याने तिघांनाही एक पाऊल मागे ढकललं.

इथून चहूकडे चक्क्या दिसतात. कॉलेजमधून वारा मोजायचं लहान यंत्र आणलं होतं. छातीच्या उंचीला सेकंदाला ८ ते ९ मीटर, मध्येच झोत आला की ११. तिथेच कातळावर बसून भाच्याला वाऱ्याचं गणित सांगितलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा दुप्पट नाही, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणूनच माळ निवडताना एखाद्या मीटरच्या फरकासाठी कंपन्या वर्षभर मनोरे उभे करून वारा मोजत बसतात. आणि वारा कितीही असला तरी त्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच काढून घेता येते. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने ही मर्यादा गेल्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. सगळी काढून घेतली तर पात्यामागची हवा जागीच थांबेल आणि पुढची यायला वाटच उरणार नाही.

दुपारी छडवेलवरून ब्राह्मणवेलच्या बाजूला गेलो. देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत ब्राह्मणवेलचं नाव घेतलं जातं, क्षमता ५२८ मेगावॅट. सुझलॉनच्या चक्क्या धुळे जिल्ह्यात खूप आहेत. त्या कंपनीची कुळकथा खान्देशाला जवळची वाटावी अशी आहे. तुलसी तांती सुरतेत कापडाचा धंदा करत होते. विजेचं बिल नफा खाऊ लागलं म्हणून त्यांनी आधी कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या, आणि १९९५ मध्ये पवनचक्क्या बनवण्याचाच उद्योग उभा केला. सुरतेच्या त्याच मागांवर आमच्या खान्देशातल्या हजारो घरांतली माणसं काम करतात.

एका चक्कीखाली देखभालीचं पथक जेवायला बसलं होतं. त्यांतला एक तंत्रज्ञ जवळच्याच गावचा, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. परवानगीशिवाय कुंपणाच्या आत येता येणार नाही, हे त्याने आधीच सांगितलं, पण बाहेर उभं राहून त्याने आम्हाला अर्धा तास दिला. ही चक्की १.२५ मेगावॅटची, पात्यांचा व्यास ६६ मीटर. "ताई, घड्याळ लावून बघा," तो म्हणाला. पाहिलं. खुणेच्या खांबासमोरून दर सेकंदाला एक पातं जात होतं. तीन पाती म्हणजे मिनिटाला वीस फेरे. खालून संथ वाटतं, पण हिशेब केला तर पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास फिरत होतं. तेवढ्यात ढग फाटून ऊन पडलं आणि पात्यांच्या सावल्या बाजरीच्या रानावरून एकामागून एक सरकू लागल्या. त्यांच्याखाली निंदणी करणाऱ्या बायकांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

वर चढायला लिफ्ट नाही, आतून शिडी. कमरेला पट्टा, दोरीला अडकवलेला हूक, खांद्यावर हत्यारांची पिशवी. "पावसाळ्यात मशीन बंद ठेवणं म्हणजे पाप. मोठी कामं आम्ही दिवाळीनंतर काढतो, वारा पडला की," तो म्हणाला. वारा सेकंदाला तीन-चार मीटरला गेला की चक्की वीज द्यायला लागते, वीस-पंचवीसच्या वर गेला की पाती स्वतःची धार फिरवून घेतात आणि यंत्र थांबतं. सगळ्यात भीती कशाची, असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "विजेची. आकाशातल्या."

जुनी चक्की वर्षाकाठी आपल्या पूर्ण क्षमतेच्या पाचवा हिस्सा जरी देत असेल, तरी ते साधारण २२ लाख युनिट होतात. त्यासाठी कोळशाची गाडी लागत नाही, राख निघत नाही आणि थंडाव्याला पाणी लागत नाही. खान्देशातच भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, त्यामुळे कोळसा, राख आणि पाणी या तिन्हींची किंमत इथल्या लोकांना माहीत आहे. वाऱ्याचा हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण दुष्काळी टापूत पाणी न पिणारी वीज मिळते. आता १४४ मीटर व्यासाच्या, ३ मेगावॅटच्या चक्क्या देशातच बनतात. त्या जुन्यांपेक्षा पावणेपाच पट क्षेत्रातला वारा पकडतात. या माळावरच्या जुन्या चक्क्यांचं वय होत आलं की त्याच जागी थोड्या, पण मोठ्या चक्क्या येऊ शकतील. नवी जमीन घ्यावी लागणार नाही, आणि ते फार गरजेचं आहे. या भागात वनजमिनीवरून, आदिवासींच्या वनहक्क दाव्यांवरून संघर्ष झालेले आहेत. वारा फुकट आहे, पण तो ज्या जमिनीवर पकडायचा ती कुणाची तरी भाकरी असते.

*जाणार असाल तर :* चक्कीच्या अगदी खाली उभं राहू नका, कुंपण ओलांडू नका. फोटो रस्त्यावरून उत्तम येतात. भामेरला पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा. कोरीव दगडांवर बसू नका, चढू नका.

रविवार : युरियाची रांग आणि कानबाई

सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर कृषी सेवा केंद्रासमोर रांग. पाऊस पडून गेलेला, कपाशी गुडघ्याला आलेली, वाफसा झालेला, म्हणजे युरिया आजच हवा. दादा रांगेत होता, पायाशी आधारकार्डाची पिशवी. दुकानदार अंगठा घेऊन एकेकाला मोजून गोण्या देत होता.

हायड्रोजनबद्दल मला जे सांगायचं आहे ते मला त्या रांगेत सापडलं. हायड्रोजन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाडी येते. पण आज जगात हायड्रोजन मोठ्या प्रमाणावर वापरला जातो तो तेलशुद्धीकरणात आणि खतात. युरियाची ४५ किलोची एक गोणी बनवायला साडेचार किलो हायड्रोजन लागतो. तो आज नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा बराचसा भाग आपण परदेशातून आणतो. एक किलो हायड्रोजन असा काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे दादाच्या कपाशीला घातलेल्या प्रत्येक मुठीत समुद्रापलीकडून आलेला वायू असतो.

तोच हायड्रोजन पाण्यातून काढता येतो. पाण्यातून वीज सोडायची, एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात, आणि एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. ती वीज वाऱ्याची किंवा उन्हाची असेल तर तो हरित हायड्रोजन. भारत सरकारच्या व्याख्येत किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड होता कामा नये. हिशेब करू. साडेचार किलोला साधारण २३५ युनिट, वर हवेतून नायट्रोजन वेगळा करून, तो हायड्रोजनशी जोडून अमोनिया (ज्यापासून पुढे युरिया होतो) बनवायला आणखी थोडी. काल पाहिलेली चक्की पूर्ण जोरात तासभर फिरली तर तिच्या विजेत चार-पाच गोण्यांपुरता अमोनिया होतो. रांगेतच मी हे दादाला सांगितलं. मागचे दोघे-तिघेही कान देऊन ऐकत होते. "तासाला चार गोण्या? मग तेवढी एक चक्की गावाला द्या म्हणा," एक आजोबा म्हणाले.

भाच्याचा प्रश्न मात्र बाईकवर अडलेला. त्याला आकडे मोजूनच पटवलं. वाऱ्याची १०० युनिट वीज बॅटरीत भरून चाकापर्यंत नेली तर ७५-८० पोचते. तिचाच हायड्रोजन केला, तो दाबून टाकीत भरला आणि इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) परत वीज केली, तर जेमतेम ३० उरते. मग दुचाकीला, रिक्षाला, गावच्या एसटीलासुद्धा बॅटरीच बरी. हायड्रोजन तिथे वापरावा जिथे तारेने काम भागतच नाही. खत, पोलाद, लांब पल्ल्याची जहाजं. आपल्याकडे दिल्लीत हायड्रोजनच्या बस चालवून पाहिल्या आहेत, प्रयोग चांगलाच आहे, पण खान्देशाला आधी गोणी हवी.

हायड्रोजनची खोड वेगळीच. तो इतका हलका की साध्या हवेच्या दाबाला एक किलो ठेवायला ११ घनमीटर जागा लागते, एक लहान खोलीभर. द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि काही पोलादांत तो शिरून त्यांना ठिसूळ करतो. म्हणून तो लांब वाहून न्यायच्या भानगडीत न पडता, निघेल तिथेच अमोनिया करून टाकणं शहाणपणाचं. अमोनिया जरा दाबला की द्रव होतो आणि त्याच्या टाक्यांची खतउद्योगाला जुनी सवय आहे. मात्र अमोनिया विषारी आहे, वस्तीजवळ टाकी नको, हेही तिथल्या तिथे सांगायला हवं.

दुपारनंतर घर कानबाईचं झालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. चौरंगावर केळीचे खांब, मधे नारळाची कानबाई, तिला नथ, डोळे, हिरवं लुगडं. सुरतेहून, पुण्याहून, नाशकाहून भाऊबंद आलेले. सुरतेच्या उधन्याहून आलेला एक पुतण्या सांगत होता की सुट्टी दिवाळीला नाही मिळाली तरी चालेल, कानबाईला पाहिजेच. रोटाचे गहू सव्वाच्या मापाने मोजून घेतात. रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच खायचा असा रिवाज, त्यामुळे तो आमच्या ताटात नव्हता. आमच्या ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, खीर आणि भजी होती. मावशीने पुरणपोळी खापरावर केली होती. दोन्ही कोपरांवर पसरत नेलेली, दुपट्यासारखी पातळ. ती खापरावर टाकते तेव्हा पोळीला घडी पडत नाही, हे मी तिच्या शेजारी बसून तासभर पाहिलं आणि तरी कसं ते कळलं नाही.

रात्री जागरण. अहिराणी गाणी, टाळ, फुगड्या. बाहेर वारा वाढला. पावसाळ्यात रात्रीचा वारा पुष्कळदा दिवसापेक्षा चांगला असतो आणि तेव्हा विजेची मागणी कमी असते. त्याहून मोठी अडचण ऋतूची आहे. आज श्रावणात चक्क्या जोरात आहेत, पण पाऊस असल्यामुळे शेतीपंप बंद. गहू-हरभरा-कांद्याला पाणी भरायला डिसेंबर-जानेवारीत वीज लागेल तेव्हा वारा पडलेला असेल. बॅटरी रात्रीची वीज सकाळपर्यंत नेते, श्रावणातली पौषात नेत नाही. अमोनियाची टाकी ती नेते. वारा आणि हायड्रोजन यांत बरा कोण, हा प्रश्नच मला तिथे गैरलागू वाटायला लागला. हिवाळ्याची भरपाई अर्थात सूर्यही करतो. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. दोन्ही मिळून इलेक्ट्रोलायझर वर्षातले जास्त तास चालेल, आणि तो जितका जास्त चालेल तितका हायड्रोजन स्वस्त पडेल.

*जाणार असाल तर :* कानबाईच्या आमंत्रणाला चोळीचा खण आणि नारळ न्यावा. रोटाचा प्रसाद मागू नये, कुणाला अडचणीत टाकल्यासारखं होतं.

सोमवार : विसर्जन आणि नंदुरबार

सकाळी बायका डोक्यावर कानबाई घेऊन निघाल्या, वाजतगाजत, प्रत्येक दारासमोर थांबत. मावशी सत्तरीची आहे, चौकात तिने फुगडी घातलीच. विसर्जन झालं आणि दुपारपर्यंत सुरतेच्या गाड्या भरून गेल्या.

आम्ही दादाला गाडीत घालून नंदुरबारला गेलो. मिरचीच्या पथाऱ्यांची मैदानं या दिवसांत रिकामी, गवत उगवलेलं, पण बाजारात शिरलं की नाकाला मिरची लागतेच. शिरीषकुमारच्या स्मारकापाशी थांबलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेतलेल्या या शाळकरी मुलाला इथे गोळी लागली. भाच्याहूनही लहान वय. भाचा बराच वेळ तिथून हलला नाही.

चहाच्या दुकानात त्याने विचारलं, "पाण्यातून हायड्रोजन निघतो तेव्हा ऑक्सिजनचं काय करतात?" फार चांगला प्रश्न. एक किलो हायड्रोजनमागे आठ किलो ऑक्सिजन निघतो आणि बहुतेक ठिकाणी तो हवेत सोडून देतात. ज्या गावात बसून हा प्रश्न निघाला तिथे तो जास्तच लागू होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभर सिलिंडरसाठी रांगा होत्या, तेव्हा तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात आधीच उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांमुळे नंदुरबारचं नाव झालं होतं. चहावाल्याने न विचारताच सांगितलं की त्याचा मेहुणा त्या ऑक्सिजनवर वाचला. उद्या या भागात इलेक्ट्रोलायझर आला तर ऑक्सिजन शुद्ध करून रुग्णालयांना पुरवायची अट पहिल्या दिवसापासून हवी.

रात्री शेवभाजी, तर्री लाल, भाकरी ज्वारीची. झणझणीत नको असेल तर आधीच सांगा, नंतर काही करता येत नाही.

मंगळवार : प्रकाशा, शहादा आणि परत

प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. बंधाऱ्यावरून पाणी धडधडत पडत होतं, ओल्या शेवाळाचा वास आणि गार तुषार. इथे दादाने त्याचा खरा प्रश्न काढला. "साक्रीला उन्हाळ्यात टँकर येतो. तुझ्या हायड्रोजनला पाणी कुठून आणायचं?"

काठावरच मोबाईलवर हिशेब मांडला. एका किलोत मुळात ९ लिटर पाणी जातं. शुद्धीकरण आणि थंडावा धरून २५ लिटर म्हणू. शनिवारच्या चक्कीची वर्षाची सगळी वीज हायड्रोजनला लावली तर साधारण ४२ हजार किलो होतो, म्हणजे साडेदहा लाख लिटर पाणी. ऐकायला प्रचंड. पण ठिबकाविना एका एकर केळीला वर्षाला साठ-ऐंशी लाख लिटर लागतं. म्हणजे ही सगळी चक्की पाच ते सात गुंठे केळीइतकं पाणी पिते. दादाने आकडा दोनदा करून घेतला. मग म्हणाला, "तरी तापीचं घ्यायचं. साक्रीच्या विहिरीला हात लावायचा नाही." मला हे शंभर टक्के मान्य आहे. वीज तारेने खाली आणता येते, पाणी डोंगरावर चढवण्यात अर्थ नाही. प्रकल्प तापीकाठी हवा, चक्क्या वर माळावर.

पुढे शहाद्याकडे ऊस, केळी आणि पपईची रानं. उसावरून आणखी एक गोष्ट निघाली. युरियाला हायड्रोजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, ४५ किलोच्या गोणीला ३३ किलो. आज तो त्याच नैसर्गिक वायूतून आयता मिळतो, हरित हायड्रोजन घेतला की तो वेगळा आणावा लागेल. इथेनॉल बनवणाऱ्या आसवनीत मळी आंबताना बऱ्यापैकी शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. ऊस पिकवणाऱ्या भागाला तो मिळवणं अवघड नाही. डीएपी खताला तर त्याची गरजच नाही, त्याला अमोनियाबरोबर फॉस्फोरिक आम्ल लागतं.

मग पैसा. दादाने युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना घेतली होती. युनिटला ४ रुपये धरले तर एका गोणीच्या हायड्रोजनची नुसती वीजच ९४० रुपयांची. हे ऐकून त्याचं तोंड उतरलं. पण २६६ ही गोणीची खरी किंमत नाहीच, खरी तिच्या कितीतरी पट आहे आणि फरक केंद्र सरकार अनुदानातून भरतं. तो पैसा बाहेरून आणलेल्या वायूवर जाण्याऐवजी इथल्या वाऱ्यावर का जाऊ नये? राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली, १९,७४४ कोटी रुपयांची, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. राज्यानेही त्याच वर्षी आपलं धोरण आणलं. बंदरांजवळचे, निर्यातीचे मोठे प्रकल्प होतील तेव्हा होतील. ब्राह्मणवेलचा वारा, शिवाजीनगरचं ऊन, तापीचं पाणी आणि खतासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी हे सगळं शंभर किलोमीटरच्या आत आहे. एक लहान, दिवसाला काही टन अमोनियाचा प्रकल्प इथे करून बघायला हरकत काय? खर्च जास्त पडेल, पण नेमका किती, हे तरी कळेल.

दादाला साक्रीला सोडलं. ग्रामसभेत मांडायला त्याने माझ्याकडून आकडे कागदावर लिहून घेतले, चक्कीची युनिटं, गोणीचा हायड्रोजन, पाण्याचे गुंठे. त्याखाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी घातल्या : गावचा फीडर आधी, आणि कामावर गावची पोरं. ताहाराबादपर्यंत पाऊस लागला, सटाण्याला पपई कापून खाल्ली, आणि भाचा पाठीमागच्या सीटवर इलेक्ट्रोलायझरची आकृती काढत बसला.

*जाणार असाल तर :* चक्क्या फिरताना बघायच्या असतील तर जून ते ऑगस्ट. नंदुरबारला मिरचीसाठी दिवाळीनंतर पुन्हा जा. प्रकाशाच्या बंधाऱ्यावर पुराच्या दिवसांत काठाच्या पायऱ्या उतरू नका, पाणी विचारून वाढत नाही.